बेल्टवाल्याला धडा

३ मार्च २०२५, सोमवार

ही डायरी एका बियाण्याच्या दुकानदाराने जानेवारीत भेट दिली होती. आजपर्यंत कोरी होती. आज कामाला लागली. कारण आज माझा जाहीर अपमान झाला.

घटना अशी. सकाळी दहाला बारामती एमआयडीसीतल्या आमच्या गोडाऊनच्या दारात दोन ट्रक लागले. आतून कन्व्हेयर निघाला. सलग नाही, तुकडे. एकूण शेहेचाळीस. प्रत्येक तुकडा बाजेएवढा. खाली चाकं, स्वतःची मोटर, दोन्ही टोकांना खटका. एकाला एक लावला की 'खट्' वाजतं आणि बेल्ट पुढे सुरू. माल वाढला, तुकडे वाढवा. माल कमी, तुकडे काढून भिंतीला लावा. वळण पाहिजे, वळणाचा तुकडा लावा. मी म्हणालो, हे तर लहान पोरांच्या आगगाडीसारखं झालं. कोणी हसलं नाही.

ही वरात घेऊन आलेला इंजिनियर ऋषिराज. वय सत्तावीस. गाव पणदरे. पॅन्ट घोट्याच्या वर. त्याने विचारलं, कुठला माल कुठे असतो त्याची यादी मिळेल का. मी कपाळावर बोट ठेवलं. म्हणालो, यादी इथे आहे. ठिबकच्या तोटीपासून फवारणी पंपाच्या वॉशरपर्यंत सहा हजार वस्तू, अठरा वर्षं.

तर तो म्हणाला, "पण सर, तुम्ही आजारी पडलात तर?"

सगळे हसले. मॅनेजर संभाजीराव टेबलाला धरून हसले. पॅकिंगच्या कौसल्याबाई तोंडाला पदर लावून हसल्या. चहावाल्याला प्रश्न समजला नव्हता, तोसुद्धा हसला.

मी रविंद्र श्रीपती साबळे, डिस्पॅच सुपरवायझर. अठरा वर्षांत एकही आजारपणाची रजा नाही. रोज इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याहून मोटारसायकलने येणं-जाणं. ऊन असो, थंडी असो.

निश्चय: ऋषिराजला या गोडाऊनमधून खाली मान घालून जायला लावायचं. मुदत दिवाळी.

५ मार्च, बुधवार

पहिलं अस्त्र: असहकार. त्याने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "कल्पना नाही." आरशासमोर म्हणून पाहिलं. चेहरा दगडासारखा जमला.

दिवसभरात त्याने मला काहीच विचारलं नाही. हा त्याचा उद्धटपणा.

८ मार्च, शनिवार

आज विचारलं. दुपारी अडीचला चहा आणि कांदाभजी घेऊन माझ्या टेबलावर आला. ठिबकचे पाइप जोडायचे सोळा एमएमचे जॉइनर दाराजवळ का ठेवता, म्हणाला.

"कल्पना नाही" म्हणणार होतो. पण प्रश्न चुकीचा होता. जॉइनर दाराजवळ नाहीत, दारापासून तिसऱ्या रॅकमध्ये आहेत, आणि त्यामागे एक विचार आहे. तो विचार सांगितल्याशिवाय तो अडाणीच राहिला असता. मग लक्षात आलं की शत्रूला उपाशी मारण्यापेक्षा माहितीच्या ओझ्याखाली गाडलेला बरा. साडेपाचपर्यंत गाडला. कुठला रॅक कलतो, कुठल्या खणात उंदीर होतात, शेताला कालव्याच्या पाण्याची पाळी आली की कुठला पार्ट संपतो, सगळं.

पाचच्या सुमारास दिसलं की त्याचा मोबाइल टेबलावर पालथा आहे आणि रेकॉर्डिंग चालू आहे. मध्येच थांबलो असतो तर घाबरलो असं वाटलं असतं. म्हणून अर्धा तास आणखी बोललो.

जाताना म्हणाला, "सर, हे आम्हाला कॉलेजात कोणीच शिकवलं नाही." टोमणा. नोंद घेतली आहे.

१३ मार्च, गुरुवार

मी जे जे बोललो ते सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं. प्रत्येक खणावर स्टिकर लागला. संभाजीराव म्हणाले, आता कालचा आलेला माणूसही पार्ट शोधेल.

कालचा आलेला माणूस शोधेल. पण उंदीर कुठून येतो ते त्याला कळेल का? (हेही मी रेकॉर्डिंगमध्ये सांगितलं आहे, असं आता आठवतं.)

१७ मार्च, सोमवार

दुसरं अस्त्र: जनशक्ती.

बेल्ट सुरू झाल्यापासून पॅकिंगच्या बारा बायका आणि सहा लोडर माझ्या मागे उभे राहतील याची मला खात्री होती. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर लिंबाखाली बोलावलं. भाषण दिलं. म्हणालो, आज हा बेल्ट खोकी वाहतोय, उद्या तुमची भाकरी वाहून नेईल. शेवटचं वाक्य वजनदार होतं. मी थोडा थांबलो.

कौसल्याबाई डबा झाकत म्हणाल्या, "सायेब, मानसं काढणार न्हाईत आसं मोठ्या सायबांनी लिहून दिलंय. तुमी पन सही केलीया त्याच्यावर."

केली होती. वाचली नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "तुमचं भांडण तुमी करा. सतरा वर्सं मी ही खोकी उचलली. आता पयल्यांदा पाठ टेकली की झोप लागती मला."

सगळे उठून हात धुवायला गेले. जनता भोळी असते. तिला स्वतःचं हित कळायला वेळ लागतो.

२५ मार्च, मंगळवार

ऋषिराजने बेल्ट चालवायचं दोन आठवड्यांचं ट्रेनिंग लावलं. यादीत पहिलं नाव माझं. खोडून टाकलं. सेनापती शत्रूच्या छावणीत शिकायला जात नाही. तिथे हेर पाठवायचा असतो.

हेर म्हणून स्वरूपाची नेमणूक केली. आमची डेटा एंट्रीची मुलगी, बी.कॉम., अंजलीपेक्षा, म्हणजे माझ्या लेकीपेक्षा, तीनच वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी मीच तिची शिफारस केली. मी उपकार बोलून दाखवत नाही, पण तिला आठवण करून दिली.

तिला सांगितलं, त्या ट्रेनिंगमध्ये बस, सगळं लिहून घे, त्याच्या चुका शोध, रोज मला रिपोर्ट दे. ती म्हणाली, "नक्की ना काका? नाव तुमचं आहे." केवढी भाबडी. तिला वाटलं मी काहीतरी सोडून देतोय.

७ एप्रिल, सोमवार

तिसरं अस्त्र. हे मला आज पहाटे मोटारसायकलला किक मारताना सुचलं, आणि मी किक अर्धीच सोडली.

'आजारी पडलात तर?' असं विचारलं होतं ना? पडून दाखवतो.

संभाजीरावांना कळवलं: ताप, अंगदुखी, तीन दिवस. अठरा वर्षांतली पहिली रजा. आता गोडाऊन कोसळणार. अकरापर्यंत फोन येईल, बारापर्यंत गाडी पाठवतील. मी 'बघतो, जमलं तर येतो' म्हणणार.

घरात रेंज फक्त ओट्याच्या कोपऱ्यात मिळते. खुर्ची तिथे टाकली. फोन फुल चार्ज.

शालनने, म्हणजे बायकोने, विचारलं, ताप कुठाय? म्हणालो, आतून आहे.

८ एप्रिल, मंगळवार

कालपासून आलेले फोन: एक. क्रेडिट कार्ड हवं का म्हणून. त्या बाईला पंधरा मिनिटं धरून ठेवलं. शेवटी तिनेच कट केला.

आबा, म्हणजे वडील, समोर बाजेवर बसून माझ्याकडे बघत होते. दुपारी म्हणाले, "फोन येत नसंल तर तू कर की."

त्यांना युद्धनीती माहीत नाही.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी चारला गाडी आली. कंपनीचीच. मी पटकन शाल घेतली. एप्रिलच्या उन्हात शाल.

गाडीतून एकटा ऋषिराज उतरला. हातात चार शहाळी. तब्येतीची चौकशी केली, आबांच्या पाया पडला, शालनच्या हातचा चहा प्यायला. गोडाऊन ठीक चाललंय, काळजी करू नका, म्हणाला. काल चारशे बारा बॉक्स गेले. मी आयुष्यात एका दिवसात तीनशे ऐंशीच्या वर पाठवलेले नाहीत.

इकडे कसा, विचारलं तर म्हणाला, लोणी देवकरला एक जागा बघायची होती. मग घड्याळात बघून म्हणाला, तिथून तुमचं घर बारा मिनिटांवर आहे हो सर.

माझ्या घराचं अंतर मोजतोय. हा माणूस दिसतो त्यापेक्षा खोल आहे.

चारशे बाराचं कारण उघड आहे. माझ्या अठरा वर्षांच्या शिस्तीवर ते तीन दिवस रेटले गेले. महिनाभर रजा घेतली असती तर कळलं असतं. पण शालन घरात महिनाभर ठेवणार नाही.

२७ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ५

आता थेट घाव.

बेल्टचे तुकडे खटक्याने सुटतात. म्हणजे कोणीही सोडू शकतो. म्हणजे मीही. आज सुट्टी. किल्ली माझ्याकडे असतेच. दुपारी एकला गोडाऊनला पोचलो. योजना: पुढच्या शटरकडे जाणारी लाइन मधूनच तोडायची आणि मागच्या कोपऱ्यात भिंतीवर नेऊन संपवायची. सोमवारी सकाळी बटण दाबलं की खोकी भिंतीवर धडाधड आदळतील. तेव्हा ऋषिराजचा चेहरा बघायला मी चहाचा कप घेऊन उभा असेन.

एका अडचणीची कल्पना नव्हती. तुकडा चाकांवर असला तरी जड. पहिलाच ढकलताना कमरेतून कळ आली. आवाज ऐकून वॉचमन झुंबरतात्या आत आले. मला वाटलं संपलं. ते म्हणाले, "एकटं कशाला ढकलताय, मला हाक मारायची." आणि पलीकडून धरलं.

त्यांना काही विचारावंसं वाटलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. अकरा तुकडे आणि एक वळण, तीन तास. तात्यांनी मध्ये दोनदा पाणी दिलं.

उद्या.

२८ एप्रिल, सोमवार

नऊ पाच. कप घेऊन उभा राहिलो.

ऋषिराजने बटण दाबलं. बेल्ट सुरूच झाला नाही. स्क्रीनवर काहीतरी फिरत राहिलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर सहा मिनिटं.

मग स्क्रीनवर नवा नकाशा आला. या तुकड्यांना शेजारी कोण बसलंय ते म्हणे आपोआप कळतं. लाइन बदलली हे कॉम्प्युटरने स्वतःच ओळखलं आणि बेल्ट चालू झाला. खोकी मागच्या कोपऱ्याकडे निघाली. मला वाटलं, चला, भिंत तरी आपली आहे.

तेवढ्यात कौसल्याबाई आणि बायकांनी पॅकिंगची टेबलं उचलली आणि त्या कोपऱ्यात नेली. तिथे खिडकी आहे. वारा येतो. आणि मागचं शटर आठ पावलांवर आहे, ते आम्ही दहा वर्षं उघडलंच नव्हतं. झुंबरतात्यांनी उघडलं. ट्रक मागे लागला. अकरापर्यंत रोजच्या दुप्पट माल गेला.

ऋषिराजने विचारलं, हे कोणी केलं? मी कपात बघितलं. झुंबरतात्या छाती काढून म्हणाले, "साबळे सायेब आन् मी. रविवारी. सुट्टी आसून."

ऋषिराजने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, सर, मी दोन महिने या लेआउटवर डोकं फोडतोय, मला मागच्या शटरचं सुचलंच नाही. त्याने कॉम्प्युटरमध्ये त्या नकाशाला नाव दिलं: रविंद्र लेआउट.

माझा सूड चोरून त्याला माझंच नाव दिलं. इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही.

कमरेला शेक घेतला.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

वरकुट्यातच. पांढरा शर्ट. विहारात भन्तेजींचं प्रवचन झालं. म्हणाले, राग हा हातात धरलेला निखारा आहे, दुसऱ्यावर फेकेपर्यंत आपलाच हात भाजतो. सगळे माना हलवत होते. मीही हलवली. घरगुती बाबतीत हे पूर्ण पटतं. ऑफिसला लागू करता येत नाही.

प्रवचनानंतर खीर वाटताना आबांनी विचारलं, "त्ये पोरगं शहाळी घेऊन आलतं, त्याच्याशी तुजं काय वाकडं हाय?"

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

आबा म्हणाले, "तत्त्वाचा आसल तर झोपंत दात खात न्हाय मानूस."

पुढे खीर वाढत गेले. त्यांचं वय झालंय.

१० जून, मंगळवार

चौथं अस्त्र: लेखी तक्रार. थेट पुणे हेड ऑफिस, श्रेया मॅडम. चार पानं, माझ्या अक्षरात. भाषा अशी की वाचणाऱ्याला घाम फुटावा. मुद्दे खरे आहेत, खोटं मी लिहीत नाही:

दाराजवळ उतार आहे, तुकड्याच्या चाकांना ब्रेक नाही, तो घसरतो. वळणावर पाइपची गुंडाळी बाहेर फेकली जाते. बेल्ट एकदम थांबवायची दोरी इतकी उंच बांधली आहे की बायकांचा हात पोचत नाही. परवा कौसल्याबाईंचा पदर रोलरमध्ये ओढला गेला, मी पळत जाऊन दोरी ओढली म्हणून बरं. हे लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. संतापाने. दुसरं काही नाही.

शेवटी लिहिलं: अशा बेजबाबदार इंजिनियरच्या हाती गोडाऊन देणाऱ्यांनी विचार करावा.

१९ जून, गुरुवार

उत्तर आलं. सगळे मुद्दे मान्य. ब्रेक आले, वळणाला कठडा आला, दोरी कंबरेएवढ्या उंचीवर आली. ऋषिराज सगळ्यांसमोर म्हणाला की ही चूक माझी, साबळे सरांनी पकडली. श्रेया मॅडमनी पत्राखाली लिहिलंय, "अशी बारीक नजर हवी."

शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं नाही का?

कौसल्याबाईंनी घरून लाडू आणले. सगळ्यांना एक, मला दोन. दुसरा मी परत देणार होतो.

२३ जुलै, बुधवार

हेर अखेर कामाला आला.

स्वरूपा आता रोजच ऋषिराजबरोबर लाइनवर असते. तुकडे लावते, काढते, स्क्रीन बघते. मी मनात म्हणतो, पोरीने सोंग छान वठवलंय. आज डब्याच्या वेळी हळू आवाजात म्हणाली, "काका, इंदापूरजवळ लोणी देवकरला नवीन गोडाऊन होतंय. इथले वीस तुकडे तिकडे जाणार. ऋषिराज सर तुमचं नाव घेतायत तिकडे पाठवायला. तुम्ही..."

पुढचं ऐकायची गरज नव्हती. मला सगळं दिसलं. वीस जुने तुकडे, एक रिकामी शेड, आणि मी. मला भंगारात काढायचा कट. म्हणून एप्रिलमध्ये जागा बघायला गेला होता! म्हणून अंतर मोजत होता!

तिला म्हणालो, बास, पुरे, शाब्बास. ती आणखी काहीतरी बोलत होती. मी हात वर केला.

४ ऑगस्टला श्रेया मॅडम येणार आहेत. त्या दिवशी शेवटचा घाव.

२ ऑगस्ट, शनिवार

भाषण तयार. नऊ मिनिटं. येता-जाता हेल्मेटच्या आत पाठ केलं. काटेवाडीजवळ जोरात म्हणालो, शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला.

घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. विजयानंतर सांगेन.

४ ऑगस्ट, सोमवार

विजय! विजय! विजय!

संभाजीरावांची केबिन. श्रेया मॅडम, संभाजीराव, ऋषिराज, मी. श्रेया मॅडम हसून म्हणाल्या, साबळे, आज तुमच्याबद्दलच बोलायचंय, इंदापूरच्या गोडाऊनसाठी... मी उभा राहिलो.

म्हणालो, मॅडम, मला सगळं माहीत आहे. पुढे बोलूच नका. अठरा वर्षांच्या माणसाला रिकाम्या शेडमध्ये नेऊन टाकायचा हा डाव कोणाचा आहे तेही माहीत आहे. (इथे ऋषिराजकडे बघितलं. त्याचं तोंड उघडं.) मी इंदापूरला जाणार नाही. कोणत्याही पदावर नाही, कोणत्याही अटीवर नाही.

मॅडम म्हणाल्या, अहो, आधी ऐकून तर घ्या. म्हणालो, ऐकायची गरज नाही, लेखी देतो. खिशातून कागद काढला. आधीच लिहून नेला होता. 'नाही' या शब्दाखाली तीन रेघा. मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की? दोनदा म्हणालो, नक्की. भाषणाची सहा मिनिटं शिल्लक राहिली, पण आपण जिंकलेलो असताना बोलू नये.

ऋषिराज खाली मान घालून बाहेर गेला. खाली मान घालून! दिवाळीच्या अडीच महिने आधी.

घरी जाताना निमगाव केतकीला थांबून एकट्याने मिसळ खाल्ली. एक्स्ट्रा शेव.

५ ऑगस्ट, मंगळवार

ऋषिराज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन बसला. आज चहा नव्हता.

म्हणाला, सर, तुम्हाला यायचं नव्हतं तर मला आधी सांगायचं. मी मॅडमना चार वेळा फोन केला होता. इन-चार्जची जागा होती ती. अख्खं गोडाऊन तुमच्या हाताखाली. दहा माणसं. त्या म्हणत होत्या डिग्रीवाला घेऊ, मी म्हणालो डिग्रीवाल्याला सोळा एमएमचा जॉइनर कुठे लागतो ते कळायला पाच वर्षं लागतील. "मी तुमच्या घरापासून वेळ पण मोजून दाखवली होती सर त्यांना. बारा मिनिटं."

मी म्हणालो, अच्छा.

तो म्हणाला, घरचं काही कारण असेल तर असू दे. आणि उठला.

मी सोळा एमएमच्या रॅककडे गेलो. तिथे काही काम नव्हतं. जॉइनर मोजून परत आलो.

७ ऑगस्ट, गुरुवार

संभाजीरावांना भेटलो. म्हणालो, तो कागद मी मानसिक दबावाखाली लिहिला. त्यांनी विचारलं, कोणाच्या दबावाखाली? मी त्यांच्या टेबलावरचे कागद सरळ केले.

म्हणाले, रविंद्रराव, कागद पुण्याला गेला. तीन रेघा आहेत त्याच्यावर. आता मी काय करू? मॅडमनी दुसरं नाव फायनल केलंय. इथली सगळ्यात जास्त ट्रेनिंग झालेली व्यक्ती. स्वरूपा.

स्वरूपाला गाठलं. विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस? तिचे डोळे भरून आले. म्हणाली, काका, मी तेच सांगत होते. 'ऋषिराज सर तुमचं नाव घेतायत तिकडे पाठवायला, तुम्ही इन-चार्ज होणार.' तुम्ही हात वर केला.

केला होता.

ती म्हणाली, तुम्ही म्हणत असाल तर मी जात नाही. मी म्हणालो, वेडी आहेस का, जा. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. निघून गेलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शालनला कळलं. मी सांगितलं नव्हतं. अंजलीला स्वरूपाने फोन केला होता.

मला वाटलं ओरडेल. तिने परात जवळ ओढली. भाकरी थापत राहिली. तीन भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, "अठरा वर्सं झाली, पाचला उठून डबा करतीय मी. ऐंशी किलोमीटर तुमी रोज गाडी हानताय, तुमची गाडी फाटकात वाजंपतूर माजा जीव थाऱ्यावर नसतो. बारा मिन्टांवर काम आलतं दारात. नको म्हनायच्या आदी मला इचारायचं तरी."

मी म्हणालो, तत्त्वाचा...

आबा बाजेवरून खाकरले. वाक्य तिथेच सोडलं.

डाव्या बाजूला बसून जेवलो. रोज उजव्या बाजूला बसतो. तिथून शालन दिसते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

ऋषिराजचं इथलं काम संपलं. त्याला नगरकडे दुसरं गोडाऊन मिळालंय. चारला निरोप समारंभ. वडापाव, केक, भाषणं. बायकांनी त्याला टॉवेल-टोपी दिली. तो भाषणात म्हणाला, मी पाच ठिकाणी बेल्ट बसवले, सगळीकडे जुन्या माणसांशी भांडणं झाली. इथे सहा महिन्यांत एकाशीही वाकडं आलं नाही.

एकाशीही नाही.

मला ते सहन होईना. समारंभानंतर त्याला मागच्या शटरपाशी गाठलं. ठरवलं की याला निदान कळलं तरी पाहिजे. स्पष्ट सांगितलं. म्हणालो, ऋषिराज, मी तुझा शत्रू होतो. पहिल्या दिवसापासून. लिंबाखाली मी बायकांना तुझ्याविरुद्ध भाषण दिलं. मी आजारी नव्हतो. बेल्ट मी तुला तोंडघशी पाडायला फिरवला होता. ती तक्रार तुला घालवायला लिहिली होती.

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "सर, तुम्ही पण ना! शेवटच्या दिवशी तरी चेष्टा नको."

मी म्हणालो, चेष्टा नाही, खरं आहे. तो आणखी हसला. वाकून पाया पडला आणि गाडीत बसला. गेटपर्यंत हात हलवत होता.

झुंबरतात्यांनी विचारलं, काय झालं हसाया? म्हणालो, काही नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

वीस तुकडे ट्रकमध्ये चढवून लोणी देवकरला पोचवायला मला पाठवलं. मी मोटारसायकलने ट्रकच्या मागोमाग. सकाळी नऊला उतरवले, बाराला लाइन चालू. स्वरूपा शेडच्या मध्यभागी उभी राहून सांगत होती, हा इकडे, तो तिकडे, वळण शेवटी. दहा माणसं तिचं ऐकत होती. एका ठिकाणी ती अडली. रॅक कुठल्या तोंडाला लावायचा. मी सांगितलं. तिने लगेच लावून घेतला, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे काकांनी सुचवलं.

दुपारी डबा खायला घरी गेलो. मोटारसायकलवर घड्याळ लावून बघितलं. अकरा मिनिटं. ऋषिराजने एक मिनिट जास्त सांगितलं होतं. गाडीत होता म्हणून असेल, गावात वळणं आहेत.

शालनने गरम भाकरी वाढली. अठरा वर्षांत कामाच्या दिवशी पहिल्यांदा. मी दुसरी मागून घेतली. तिसरी तिने न विचारता वाढली.

८ सप्टेंबर, सोमवार

बदलीचा अर्ज भरला. बारामतीतून इंदापूर, डिस्पॅच असिस्टंट. एक पायरी खाली. 'कारण' या रकान्यात खूप वेळ पेन धरून बसलो. शेवटी 'घरगुती' लिहिलं. अर्जावर नव्या इन-चार्जची सही लागते.

स्वरूपाला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा एक रिंग होताच कट केला. तिसऱ्यांदा तिनेच केला. मी म्हणालो, मॅडम, एक काम होतं. ती म्हणाली, काका, मॅडम काय म्हणताय, सही करते की, या तुम्ही. मला खूप आधार होईल.

मग थोडी चाचरली. म्हणाली, एकच आहे, तिथे बेल्टवर काम करायला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, पुण्याचा नियम आहे. तुमचं नाव यादीतून खोडलेलं दिसतंय.

नवीन पोरांची बॅच पुढच्या सोमवारपासून आहे. दोन आठवडे, सकाळी नऊ ते एक. शिकवायला तीच आहे. मला मागच्या बाकावर बसलं तर चालेल का, विचारलं. ती म्हणाली, मागून स्क्रीन दिसत नाही, पुढे बसा.